लंडनच्या जुन्या हॉटेलातला दुपारचा चहा: बुकिंगपासून बिलापर्यंत

लंडनला मुलाकडे किंवा मुलीकडे येणाऱ्या आई-बाबांच्या यादीत बकिंगहॅम पॅलेस आणि टॉवर ब्रिजच्या जोडीला हल्ली आणखी एक गोष्ट हमखास असते. एखाद्या जुन्या, नावाजलेल्या हॉटेलात बसून घेतलेला ‘आफ्टरनून टी’. तीनमजली स्टँड, चांदीची किटली, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, कोपऱ्यात पियानो. खर्च माणशी सत्तर-ऐंशी पौंडांच्या घरात, काही ठिकाणी त्याहून बराच जास्त; रुपयांत धरलं तर आठ-नऊ हजार आणि पुढे. एवढे पैसे मोजून आलेली बरीच मंडळी केकचे फोटो काढतात, सँडविच घाईघाईने संपवतात आणि चहा मात्र जो येईल तो पितात. मला हे मनापासून खटकतं. त्या टेबलावरची सर्वांत मोलाची गोष्ट किटलीत असते, आणि पुष्कळदा ती आसाम किंवा दार्जिलिंगहून आलेली असते. म्हणून या लेखात हॉटेल कसं निवडायचं, कपडे कोणते घालायचे, काय आधी खायचं हे सगळं येईल, पण सर्वांत जास्त जागा मी चहाला देणार आहे.

आधी थोडा इतिहास

१६६२ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचं लग्न पोर्तुगालच्या कॅथरीन ऑफ ब्रगान्झाशी झालं. त्या लग्नात मुंबईची बेटं हुंड्यात दिली गेली, हे आपण शाळेत शिकलो. याच कॅथरीनला माहेरी चहाची सवय होती आणि तिच्यामुळे इंग्रज दरबारात चहा पिणं प्रतिष्ठेचं झालं. मुंबई आणि चहाचा शौक, दोन्ही एकाच नवरीबरोबर इंग्लंडच्या राजघराण्यात आले. तेव्हाचा चहा चीनचा होता, अतिशय महाग होता आणि कुलूपबंद पेटीत ठेवला जायचा.

दुपारी चहाबरोबर खाण्याची पद्धत बरीच नंतरची, १८४० च्या आसपासची. तिचं श्रेय बेडफर्डची डचेस ॲना हिला दिलं जातं. ती व्हिक्टोरिया राणीच्या जवळच्या वर्तुळातली. त्या काळी उमरावांच्या घरी रात्रीचं जेवण आठ-नऊपर्यंत लांबू लागलं होतं. दुपारी चार-पाचला पोटात कावळे ओरडायला लागले की ती आपल्या खोलीत चहा, ब्रेड-बटर आणि केक मागवायची. पुढे मैत्रिणींना बोलावू लागली आणि पद्धत पसरली. त्याच सुमाराला, जानेवारी १८३९ मध्ये, आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला. १८८० चं दशक संपता संपता ब्रिटनमध्ये येणाऱ्या भारतीय चहाने चिनी चहाला मागे टाकलं.

हॉटेलांनी ही घरगुती पद्धत उचलली, त्याला एक सामाजिक कारणही होतं. बरोबर पुरुष नसताना चारचौघींनी बाहेर बसून खाणंपिणं त्या काळी सभ्य मानलं जात नसे. हॉटेलचं चहाचं दालन ही त्यांना मोकळेपणी भेटता येईल अशी जागा ठरली.

हॉटेल कोणतं

नावं खूप आहेत. मी पाचच सांगतो, कारण या पाचांचा स्वभाव एकमेकांपासून स्पष्ट वेगळा आहे.

पिकॅडिलीवरचं रिट्झ १९०६ मध्ये सेझार रिट्झने सुरू केलं. त्याचं ‘पाम कोर्ट’ म्हणजे सोनेरी नक्षी, आरसे, झुंबरं आणि उंच ताडाची झाडं. सगळ्यांत औपचारिक चहा इथला. आयुष्यात एकदाच जायचं असेल आणि नटूनथटून जायला आवडत असेल तर इथे जा.

लँगहॅम १८६५ चं, बीबीसीच्या जुन्या इमारतीसमोर. आपल्या पाम कोर्टात उघडल्यापासून दुपारचा चहा दिला जातोय, असं हे हॉटेल अभिमानाने सांगतं. ऑक्सफर्ड सर्कसपासून चालत पाच-सात मिनिटांवर असल्यामुळे खरेदीच्या दिवसाशी याची सांगड छान बसते.

अल्बेमार्ल स्ट्रीटवरचं ब्राउन्स १८३७ चं आहे, म्हणजे राणी व्हिक्टोरिया गादीवर आली त्या वर्षीचं. ते सुरू करणारा जेम्स ब्राउन हा कवी बायरनचा माजी नोकर होता. इथे झगमगाट नाही. लाकडी भिंती, शेकोटी, बुटके सोफे. गप्पा मारायच्या असतील, म्हातारं माणूस बरोबर असेल, गर्दी आणि आवाज नको असेल, तर माझी पहिली पसंती ब्राउन्स.

सॅव्हॉय १८८९ चं, स्ट्रँडवर, थेम्सच्या बाजूला. इथला चहा ‘थेम्स फॉयर’मध्ये काचेच्या घुमटाखाली मिळतो आणि पियानोही असतो. आणि क्लॅरिजेस, ज्याची आत्ताची इमारत १८९८ ची. आर्ट डेको सजावट आणि हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची क्रॉकरी ही त्याची ओळख. मरीन ड्राइव्हच्या जुन्या इमारती ज्यांना आवडतात, त्यांना क्लॅरिजेसची बैठक नक्की आवडेल.

खर्च जास्त वाटत असेल तर एक मधला मार्ग आहे. काही ठिकाणी ‘क्रीम टी’ मिळतो. त्यात चहा, दोन स्कोन (पावासारखे छोटे, भाजलेले गोळे), जॅम आणि क्लॉटेड क्रीम (सायीसारखं घट्ट क्रीम) एवढंच असतं, आणि किंमत अगदी थोडी. मोठ्या हॉटेलांत तो क्वचितच देतात, पण छोट्या हॉटेलांत आणि टीरूममध्ये सर्रास मिळतो. ज्यांना गोड फारसं चालत नाही त्यांच्यासाठी तोच योग्य.

बुकिंग

न सांगता जाऊन जागा मिळेल या भरवशावर राहू नका. शनिवार-रविवार आणि सबंध डिसेंबर महिना आठवडेच्या आठवडे आधी भरतो. रिट्झमध्ये तर मधल्या वारांनाही आधी ठरवावं लागतं. भारतातून येणार असाल तर विमानाची तिकिटं काढल्यावर लगेच हे काम उरका.

वेळा ठरलेल्या असतात. एका सिटिंगला दीड ते दोन तास मिळतात आणि नंतर टेबल दुसऱ्यांना जातं. रिट्झमध्ये सकाळी साडेअकरापासून संध्याकाळी साडेसातपर्यंत दर दोन तासांनी सिटिंग लावलेलं असतं. माझा आग्रह दीडच्या सिटिंगचा आहे. सकाळी हलका नाश्ता करा, जेवण वगळा, आणि दीड वाजता भुकेने बसा. हा चहा म्हणजे पूर्ण जेवण आहे. जेवून गेलात तर शेवटचा मजला तसाच परत जाईल. शिवाय घरातल्या मोठ्यांना संध्याकाळी उशिरा कडक चहा झाला की रात्री झोप लागत नाही, तोही प्रश्न सुटतो.

बुकिंग करताना कार्डाचा नंबर घेतात, काही ठिकाणी पूर्ण पैसे आधीच भरावे लागतात. किती तास आधी रद्द केलं तर पैसे परत मिळतात ते नीट वाचा. वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असेल तर तिथेच लिहा. पुष्कळ ठिकाणी छोटा केक किंवा नाव लिहिलेली बशी आणून देतात.

आणि तारीख पक्की करण्याआधी कालनिर्णय बघा. आई-बाबांची संकष्टी, एकादशी, कुणाचा सोमवार. उपासाच्या दिवशी त्या स्टँडवरचं जवळजवळ काहीच चालत नाही.

शाकाहारी आणि अंडं न खाणाऱ्यांसाठी

इथे ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मांस-मासे नाहीत एवढंच धरलं जातं. अंडं त्यात बसतं. नेहमीच्या सँडविचमध्ये काकडी, अंडं-मेयोनेज, स्मोक्ड सामन मासा, हॅम आणि कॉरोनेशन चिकन असतं. हे कॉरोनेशन चिकन १९५३ मध्ये राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकासाठी तयार केलं गेलं आणि त्यात करी पावडर असते. शाकाहारी ताटात काकडी आणि अंडं राहतं, बाकीच्या जागी चीज, भाजलेल्या भाज्या वगैरे येतात.

म्हणून बुकिंग करतानाच साध्या शब्दांत लिहा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, जिलेटिन नाही. जिलेटिनचा उल्लेख विसरू नका, कारण मूस, जेली आणि काही चकचकीत पेस्ट्रींमध्ये ते असतं आणि ते प्राण्यांपासून बनतं. पुष्कळशा पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध घट्ट करणारं रेनेट वापरतात, तेही ज्यांना चालत नाही त्यांनी लिहावं. मद्य चालत नसेल तर तेही सांगा, केकमध्ये ते बऱ्याचदा असतं. ज्यांना अंडंही नको त्यांच्यासाठी ‘व्हीगन’ मेनू हा सर्वांत सुरक्षित रस्ता. त्यात लोणी आणि क्लॉटेड क्रीम मिळणार नाही, पण खरी क्रीम वेगळी मागता येते. जैन पद्धतीचं, म्हणजे कांदा-लसूण-बटाटा नसलेलं हवं असेल तर फोन करून बोला. चांगली हॉटेलं दोन-तीन दिवस आधी कळवलं तर मनापासून सोय करतात. टेबलावर बसल्यावर सांगितलं तर त्यांचाही नाइलाज होतो. पोहोचल्यावर वाढणाऱ्याला एकदा आठवण करून द्या, आणि स्टँड आला की कोणत्या बशीत काय आहे ते विचारा. त्यांना ते सांगायला आवडतं.

कपडे, आणि मुख्य म्हणजे बूट

रिट्झच्या पाम कोर्टात पुरुषांनी जाकीट आणि टाय घालावा अशी अपेक्षा असते, आणि जीन्स किंवा खेळाचे बूट चालत नाहीत. बाकीच्या ठिकाणी नियम सैल आहेत, ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे इस्त्रीचा शर्ट, चांगली पँट, नीट बूट. बुकिंगच्या पानावरचा नियम एकदा वाचाच.

बायकांना काहीच अडचण नाही. साडी या दालनांत इतकी शोभून दिसते की शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई उठून येऊन कौतुक करून जातात. फक्त पदर नीट पिनअप करा; बुटक्या टेबलावर वाकताना तो जॅमच्या वाटीत जातो. बंद गळ्याचा कोट किंवा जोधपुरी घालायचा असेल तर टायचा प्रश्न येतो, तेव्हा आधी विचारून घेतलेलं बरं.

खरी अडचण बुटांची होते. लंडन बघायला आलेले आई-बाबा दिवसभर पांढरे स्पोर्ट्स शूज घालून चालत असतात, आणि ते बरोबरच आहे. चामड्याचे बूट किंवा सँडल पिशवीत बरोबर ठेवा, हॉटेलच्या प्रसाधनगृहात बदला आणि पिशवी कोटांसोबत क्लोकरूममध्ये द्या. मोठ्या हॉटेलांत कोट, छत्री, खरेदीच्या पिशव्या तिथे ठेवतात. पिशव्यांचा ढीग टेबलापाशी नेऊ नका.

दिवस कसा आखावा

रिट्झ आणि ब्राउन्सला ग्रीन पार्क, क्लॅरिजेसला बाँड स्ट्रीट, लँगहॅमला ऑक्सफर्ड सर्कस, सॅव्हॉयला चेरिंग क्रॉस किंवा एम्बँकमेंट ही स्टेशनं सोयीची.

मराठी माणसासाठी मी एक जोडी सुचवतो. सकाळी प्रिमरोझ हिल भागात १०, किंग हेन्रीज रोड या घरी जा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेऊन तिथे स्मारक केलं. उघडण्याच्या वेळा आधी बघा. जवळचं स्टेशन चॉक फार्म. तिथून नॉर्दर्न लाइनने वॉरन स्ट्रीटला यायचं, व्हिक्टोरिया लाइन पकडायची, दुसरं स्टेशन ग्रीन पार्क. दीडच्या सिटिंगला आरामात पोहोचता. दहा मिनिटं आधी पोहोचा. उशीर झाला तर तुमचीच वेळ कमी होते.

आता चहा

बसल्यावर हातात चहाची यादी येते. दहा-वीस नावं असतात, कधी त्याहून जास्त. इथेच बहुतेक जण घाबरून ‘इंग्लिश ब्रेकफास्ट’ म्हणून मोकळे होतात. तो वाईट नसतो, पण तो तुम्ही घरीही पिऊ शकता. यादी शांतपणे वाचा, वाढणाऱ्याला प्रश्न विचारा. काही ठिकाणी तर केवळ चहाची माहिती असलेला खास माणूस नेमलेला असतो.

आपल्यापैकी बहुतेकांचा चहा म्हणजे आलं-वेलची घालून दूध-साखरेसकट उकळलेला. तो मलाही प्रिय आहे. तो उकळला जातो म्हणून त्याला बारीक, कडक पावडर लागते. इथल्या किटलीत अख्खी पानं असतात, आणि ती नुसत्या गरम पाण्यात मुरतात. चव हलकी येते म्हणून तिला पाणचट समजू नका. पहिला घोट दूध-साखर न घालता घ्या. दोन घोटांनंतर जीभ सरावते.

सुरुवात दार्जिलिंगने करा. भारतात भौगोलिक मानांकन मिळालेलं पहिलं उत्पादन म्हणजे हा चहा. यादीत ‘फर्स्ट फ्लश’ लिहिलं असेल तर तो फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमधल्या पहिल्या खुडणीचा. रंग फिकट, वास फुलांचा, चव ताजी. ‘सेकंड फ्लश’ मे-जूनचा. रंग गडद, आणि त्यात पिकलेल्या द्राक्षाची जी झाक येते तिला जाणकार ‘मस्कटेल’ म्हणतात. या दोन्हींत दूध घालू नका, सगळा वास मरून जातो. काकडीच्या सँडविचबरोबर फर्स्ट फ्लश घेऊन बघा. दोघंही नाजूक आहेत आणि एकमेकांना सांभाळून घेतात.

आसाम हा दुधासाठीच जन्मलेला चहा. जाड, तांबूस, माल्टसारखा गोडसर. स्कोन आणि क्रीमच्या वेळी हा हवा, कारण क्रीमचा जडपणा कापायला चहाला अंगात जोर लागतो. कडक चहाशिवाय चैन पडत नाही अशा बाबांसाठीही हाच. अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाचं तेल असतं. काहींना तो अत्तरासारखा वाटतो, काहींना त्याच्याशिवाय दुपार अपुरी वाटते. लॅपसांग सूचाँग हा चीनच्या फूच्येन प्रांतातला, पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला. सामनच्या सँडविचबरोबर जमतो, केकबरोबर मुळीच नाही. चहा नकोच असेल तर पुदिना किंवा कॅमोमाइल मिळतो.

चार जण असाल तर चौघांनी चार वेगळे चहा मागवा आणि एकमेकांचे चाखा. बहुतेक मोठ्या हॉटेलांत मध्येच चहा बदलून मागता येतो, त्याचे वेगळे पैसे नसतात. तरी एकदा विचारा. ही सोय वापरणारे फार थोडे, आणि मला वाटतं हीच त्या किमतीतली सर्वांत मोठी वसुली आहे.

किटली आली की लगेच ओतू नका. दार्जिलिंगला साधारण तीन मिनिटं, आसामला चार ते पाच. काही ठिकाणी पानं काढून घेतलेला तयार चहा आणतात, काही ठिकाणी पानं किटलीतच असतात आणि सोबत गाळणी येते. पानं आतच असतील तर दुसरा कप कडू होतो. त्यासाठी गरम पाण्याची वेगळी किटली मागा आणि कपात थोडं पाणी घालून चहा हलका करा. पाणी संपलं तर परत मागा, पानं शिळी वाटली तर नवी किटली मागा.

दूध थंड येतं, आणि त्याने चहा कोमट होतो. गरम दूध मागायला अजिबात संकोच करू नका, ते आनंदाने आणतात. दूध आधी की चहा आधी यावर इंग्रज पिढ्यान्पिढ्या भांडत आलेत. हॉटेलात चहा आधी ओता, म्हणजे रंग बघून दूध घालता येतं. साखरेचे चौकोनी खडे चिमट्याने घ्या, चमचा पुढे-मागे हळू फिरवा आणि बशीत ठेवा. टेबल जेवणाच्या उंचीचं असेल तर नुसता कप उचला. सोफ्यावर बसला असाल आणि टेबल बुटकं असेल तर बशीसकट उचला. करंगळी वर करण्याची काही गरज नाही. बशीत ओतून पिणं इंग्लंडमध्येही एके काळी रूढ होतं, पण आता ते तिथेही मागे पडलंय.

खाण्याचा क्रम

खालून वर. आधी सँडविच, मग स्कोन, मग गोड. स्कोन गरम असावेत म्हणून बऱ्याच ठिकाणी ते नंतर, नॅपकिनमध्ये गुंडाळून आणतात.

सँडविच बोटाएवढी लांब, कडा कापलेली असतात. हातानेच खायची. टपरीवरच्या, हिरवी चटणी लावलेल्या सँडविचची सवय असलेल्या जिभेला काकडीचं सँडविच पहिल्या घासाला अळणी लागतं. काकडी कागदासारखी पातळ, लोणी, ताजा पांढरा ब्रेड, एवढंच असतं त्यात. दार्जिलिंगचा घोट घेऊन दुसरा घास खा, मग मत बनवा. सँडविच बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात, काही ठिकाणी स्कोनही. मधुमेह असलेल्यांनी दुसऱ्यांदा सँडविच घ्यावीत आणि गोडाचा एकच तुकडा चाखावा.

स्कोन सुरीने कापत नाहीत. मध्ये हलका पिळा दिला की तो आडवा दुभंगतो. जॅम आणि क्रीम आधी आपल्या बशीत घ्यायचं, मग एका वेळी एका अर्ध्यावर लावायचं. दोन अर्धे पुन्हा एकावर एक ठेवून सँडविच करू नका, क्रीम बाहेर येतं. नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्याचे लोक आधी क्रीम लावतात, शेजारच्या कॉर्नवॉलचे आधी जॅम, आणि दोन्हीकडचे लोक याबाबतीत अगदी गंभीर असतात. मी कॉर्नवॉलच्या बाजूचा आहे. जॅम पातळ पसरतो आणि वर क्रीमचा गोळा ठसठशीत बसतो.

क्लॉटेड क्रीम म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास तापवलेल्या क्रीमवर येणारा जाड थर, आपल्या म्हशीच्या दुधावरच्या सायीसारखा. कॉर्निश क्लॉटेड क्रीमच्या नावाला १९९८ पासून कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. याच कारणाने दोन स्कोननंतर पोट भरतं. स्कोन अर्धाच खा आणि वरच्या मजल्यासाठी जागा ठेवा, असं मी बरोबरच्या प्रत्येकाला सांगतो.

गोडाला काटा वापरा. उरलं तर डबा मागा. बहुतेक हॉटेलं छान खोक्यात बांधून देतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त क्रीम असलेले पदार्थ त्याच संध्याकाळी संपवा.

बसणं-बोलणं

नॅपकिन मांडीवर. मध्येच उठायचं झालं तर खुर्चीवर ठेवा. फोटो काढायला हरकत नाही, पण फ्लॅश नको आणि शेजारच्यांचे चेहरे नकोत. व्हिडिओ कॉल करून पुण्याच्या मावशीला सगळं दालन दाखवायचा मोह होतो. तो लॉबीत येऊन पुरा करा. वाढणाऱ्याचं लक्ष वेधायला नजर भेटवणं किंवा हात किंचित वर करणं पुरतं. प्रत्येक वेळी प्लीज आणि थँक यू म्हणा. इथे या दोन शब्दांना फार किंमत आहे. लहान मुलांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळा, स्वस्त मेनू असतो, गरम चॉकलेटसकट. दोन तास एका जागी न बसणारं पोर असेल तर मात्र टीरूममधला क्रीम टीच बरा.

बिल

बसल्या बसल्या शॅम्पेन विचारतात. ती बहुधा मूळ किमतीत नसते आणि एका ग्लासाने बिल बरंच वाढतं. नको असेल तर हसून नाही म्हणा. पाणी मागताना ‘टॅप वॉटर’ म्हणा, ते फुकट मिळतं. नाहीतर बाटली उघडली जाते.

बिलात बहुतेक वेळा साडेबारा टक्के किंवा अधिक सर्व्हिस चार्ज जोडलेला असतो. तो ऐच्छिक असतो, पण सेवा चांगली मिळाली असेल तर देण्याची रीत आहे. वेगळी टीप द्यायची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये नवा कायदा लागू झालाय, त्यानुसार टिपा आणि सर्व्हिस चार्ज पूर्णपणे कर्मचाऱ्यांना द्यावा लागतो, मालकाला त्यातलं काही कापता येत नाही. हे माहीत असलं की ती रक्कम देताना मन दुखत नाही. भारतीय कार्ड वापरलं तर मशीन विचारतं, पौंडात की रुपयांत? पौंड निवडा. रुपयांत निवडलं तर बहुधा महागडा विनिमय दर लागतो.

मुंबईतच करायचं असेल तर

लंडनची वारी घडणार नसेल तर अपोलो बंदरावर ताजमहाल पॅलेस आहेच. जमशेटजी टाटांनी बांधलेलं हे हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये उघडलं, म्हणजे लंडनच्या रिट्झच्याही आधी. आराखड्याचं काम सुरू करणाऱ्या वास्तुविशारदांत सीताराम खंडेराव वैद्य होते. समोरचं गेटवे ऑफ इंडिया १९२४ मध्ये पूर्ण झालं, तेव्हा ताज उघडून वीस वर्षं झाली होती. पहिल्या मजल्यावरच्या ‘सी लाउंज’मध्ये खिडकीशी बसून बंदरातल्या बोटी बघत चहा घेता येतो. मुंबईतल्या कित्येक कुटुंबांचे मुलगा-मुलगी बघण्याचे कार्यक्रम याच टेबलांवर झाले, आणि अजूनही होतात.

इथे स्कोन आणि सँडविचच्या शेजारी भेळ, शेवपुरी असते. चटपटीत चाटनंतर दार्जिलिंगची चव कळत नाही, म्हणून क्रम उलटा करा. आधी दार्जिलिंग आणि सँडविच, मग स्कोन आणि आसाम, चाट शेवटी. अंड्याचा आणि उपासाचा प्रश्न इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. खिडकीचं टेबल हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच मागा, आणि सूर्य कलण्याआधीची वेळ धरा.

लंडनहून चहा आणायचा असेल तर रिट्झपासून चालत काही मिनिटांवर, पिकॅडिलीवरच, १७०७ पासून चालू असलेलं फोर्टनम अँड मेसन हे दुकान आहे. तिथे डब्यांच्या देखणेपणावर जाऊ नका. सुट्या पानांचा चहा बघा आणि तो कोणत्या बागेचा, कोणत्या खुडणीचा ते विचारा. दार्जिलिंग मात्र लंडनहून आणू नका. तो भारतातच, बागेच्या नावानिशी आणि खुडणीच्या वर्षासकट, पुष्कळ कमी पैशांत मिळतो. हवाबंद डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवा, आणि फर्स्ट फ्लश असेल तर वर्षाच्या आत संपवा.